मागचा वेध

नागपुरात धंतोलीच्या बाजूला एक जुनं घर होतं. पुढे ओसरी, मध्ये दिवाणखाना, मागे मोठं अंगण. अंगणात आंब्याचं झाड होतं आणि आंब्याच्या पलीकडे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, एक आउटहाऊस. दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर टिनाचं छत.

घरात आबाजी एकटे राहत. आउटहाऊसमध्ये एक बाई राहत होती, तिची मुलगी आणि धाकटा मुलगा. बाई शिवणकाम करायची. भाडं नावापुरतं होतं. सणावाराला इकडची वाटी तिकडे जायची, तिकडची इकडे यायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

आबाजी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले होते. उभी नोकरी वर्धा, हिंगणघाट, उमरेड, काटोल या भागातली शेतं मोजण्यात गेली. साखळी, झेंडे, प्लेन टेबल आणि डोक्यावर ऊन. दोन भावांची बांधावरून भांडणं व्हायची आणि मध्ये आबाजींचा टेबल उभा राहायचा. त्यांनी आखलेली रेघ दोघंही मानायचे. घराच्या मागच्या दारापासून आउटहाऊसच्या उंबऱ्यापर्यंत किती अंतर आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. नव्वद फूट.

२०२० च्या मार्चात देश बंद झाला. विदर्भात उन्हामुळे शाळा तशाही जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वर्षी शाळा उघडली ती फोनमध्ये. मुलगी दहावीला होती. घरात फोन एकच, तोही आईचा. दिवसाला दीड जीबी मिळायचं. सकाळचे दोन तास झाले, त्यात भावाने एखादी गोष्ट पाहिली, की दुपारपर्यंत ते संपून जायचं. मग बीजगणिताचा तास निघून जायचा आणि मुलगी वही उघडून नुसती बसून राहायची.

आबाजींच्या घरी फायबरचं कनेक्शन होतं. मुलगा बंगळुरूला होता, त्याच्याशी रोज बोलता यावं म्हणून त्यानेच लावून दिलेलं. आबाजींना एक दिवस हे सगळं कळलं. त्यांनी एका कागदावर पासवर्ड लिहिला, ठळक, सुवाच्य, एकेक अक्षर सुटं, आणि मुलीच्या हातात दिला.

"आता डेटाची काळजी नको करू. कितीही वापर."

मुलगी म्हणाली, "हो आबाजी."

दुसऱ्या दिवसापासून ती आंब्याखाली, धुण्याच्या दगडावर बसलेली दिसू लागली. मांडीवर वही, हातात फोन. आबाजी मागच्या दारातून पाहायचे. पोरीला उघड्यावर बसायला आवडतं, खोलीत उकडतं, असं त्यांना वाटायचं. त्यांना बरं वाटायचं. नेट त्या दगडापर्यंतच येत होतं आणि पुढे येत नव्हतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलीने सांगितलं नाही.

जुलैत पाऊस धरला. दगड रिकामा दिसू लागला. तेव्हा मात्र आबाजींच्या मनात आलं, की आत नेट येतं की नाही कोण जाणे. त्यांनी मुलाला फोन केला. मुलाने मोठा राउटर पाठवला. चार अँटेना असलेला, काळा, भारदस्त. दिवाणखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर तो बसवला. आबाजी मागच्या दारात छत्री धरून उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली.

"आता येऊन राहिलं का गं?"

मुलीने आउटहाऊसच्या दारातून फोनकडे पाहिलं. रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या होत्या.

"हो आबाजी. फुल येऊन राहिलं."

ती खोटं बोलत नव्हती. कांड्या खरंच भरलेल्या होत्या.

आबाजी समाधानाने आत गेले. रोज सकाळी चहा घेताना ते राउटरकडे नजर टाकायचे. हिरवे दिवे लुकलुकत असायचे. बंगळुरूला फोनवर ते सांगायचे, "आपलं नेट आता आउटहाऊसपर्यंत जाते." ओळखीचं कोणी भेटलं, की त्यालाही सांगायचे. त्यात बढाई नव्हती. माणसाच्या हातून एक चांगलं काम झालं आणि ते त्याला सांगावंसं वाटलं, इतकंच.

ऑगस्टात पोळा आला. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा असतो. लाकडाचे नंदी सजवून लेकरं घरोघरी नेतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, पैसे नाहीतर खाऊ. आउटहाऊसमधला पोरगा दरवर्षी चाकं लावलेला नंदी खडखडत अंगणातून आणायचा, आणि सगळ्यांत आधी आबाजींच्या दारात उभा राहायचा. त्या वर्षी तो आला नाही. बाहेर आजार होता आणि आबाजींचं वय झालेलं. आईने त्याला घरीच थांबवलं होतं.

आबाजींनी दिवसभर वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दहाच्या दोन नोटा आणि चिवड्याची पुडी घेतली, तोंडाला रुमाल बांधला आणि ते स्वतःच निघाले. पाऊस पडत होता. आंब्याखालून जाताना पानांवरचं पाणी छत्रीवर टपटपत होतं. कित्येक महिन्यांत ते या वाटेने गेले नव्हते. नव्वद फूट जायला निमित्त मिळालं नव्हतं.

खोलीत तास चालू होता. बाईने लगबगीने स्टूल पुसून दारापाशी ठेवला. मुलगी भिंतीशी बसली होती, फोन डब्याला टेकवून उभा केलेला. टिनावर पाऊस वाजत होता. सरांचा चेहरा फोनमध्ये हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा. आवाज तुटत तुटत, पण येत होता. सर हजेरी घेत होते.

मुलीचं नाव आलं.

"येस सर," ती म्हणाली.

सरांनी पुन्हा नाव घेतलं.

"येस सर!"

सर थोडं थांबले. त्यांनी तिसऱ्यांदा नाव घेतलं. मुलगी फोनवर वाकली, जवळजवळ ओरडली, "येस सर! सर, मी आहे!"

"गैरहजर," सर म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.

मुलीने काही केलं नाही. तिने वहीच्या समासात तारीख लिहिली आणि तास ऐकत राहिली. आबाजींना समासातल्या आधीच्या तारखाही दिसल्या. समास भरत आला होता.

तास संपेपर्यंत ते स्टूलावर बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, "बेटा, हे रोजच असं होते?"

"ऐकू येते आबाजी. बरंचसं ऐकू येते. माझंच तिकडे जात नाही."

"मग सांगितलं काऊन नाही?"

मुलगी आईकडे पाहू लागली. आई म्हणाली, "तुम्ही दिलं जी, तेच मोप झालं. वरून आणखी तक्रार कुठं करावं?"

आणि मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही दारातून इतक्या खुशीनं विचारलं होतं."

पोराच्या हातावर बोजारा ठेवून आबाजी परत आले. ओसरीवर बसले. पाऊस पाहत राहिले.

त्यांना हिंगणघाट आठवलं. नोकरीत नवे होते तेव्हा एक म्हातारे मोजणीदार त्यांना एका इंग्रजाच्या कबरीपाशी घेऊन गेले होते. विल्यम लॅम्ब्टन. १८०२ साली मद्रासेजवळ त्याने एक सरळ रेषा मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो हिंदुस्थान मोजत वर आला. नागपूरकडे निघाला असताना १८२३ साली हिंगणघाटला वारला. त्याच्यामागे एव्हरेस्टने तेच काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. सपाट मुलखात या टोकावरून ते टोक दिसेना, तेव्हा मनोरे बांधले. दिवसा धुरकट दिसायचं, तेव्हा रात्री लांबच्या टेकडीवर दिवा घेऊन माणूस बसवला. नागपुरातला झिरो माईलचा खांब आज लोक फोटो काढायला वापरतात, तो याच मोजणीच्या वंशातला आहे.

म्हातारे मोजणीदार त्या कबरीपाशी म्हणाले होते, "त्रिकोणाचे दोन कोन मोजले की तिसरा कागदावर निघतो. लेकराला येते ते गणित. तरी ही माणसं तिसऱ्या टोकावर जात. जंगल, ताप, वाघ, सगळं सोसून जात, आणि तिथं उभं राहून तो कोन मोजत. काऊन? तर आपलं इथलं बरोबर आहे की नाही, हे तिथं गेल्याशिवाय समजत नाही."

आबाजींनी पुढे पस्तीसेक वर्षं तेच केलं होतं. पुढच्या झेंड्याचा वेध घ्यायचा, टेबल उचलून त्या झेंड्यापाशी न्यायचा, आणि आधी मागे वळून जिथून आलो तिथला वेध घ्यायचा. मागचा वेध जुळला तरच पुढची रेघ. नुसत्या पुढच्या वेधावर आखलेल्या नकाशाने किती बांध चुकले आणि किती घरांत वैर आलं, ते त्यांनी पाहिलं होतं. हाताखालच्या पोरांना ते रागवायचे ते याच एका गोष्टीसाठी.

आणि इथे त्यांनी मागच्या दारातून हाक मारली होती, "येऊन राहिलं का?"

त्यांनी केबलवाल्या पोराला बोलावलं. पोरगा हुशार होता. आधी तो दिवाणखान्यात गेला, राउटर पाहिला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत कूलर होता. नागपुरातल्या घरोघरी असतो तसा, टिनाचा, माणसाच्या छातीइतका. पावसाळ्यात बंद, पण काढून कुठे ठेवायचा म्हणून तिथेच. आउटहाऊसची दिशा नेमकी त्याच खिडकीची.

"लोखंडाच्या आडून लहर नीट जात नाही, आबाजी. उन्हाळ्यात याच्यात पाणी भरलं की पाणीही तिला पिऊन टाकते. मग तुमची भिंत, दीड फुटाची. मग आंबा, आणि ओली पानं म्हणजे पुन्हा पाणीच. मग तिकडची भिंत आणि टिन."

"पण कांड्या तर भरून राहिल्या होत्या."

"त्या कांड्या राउटरचा आवाज फोनला किती ऐकू येते, ते सांगतात. फोनचा आवाज राउटरला किती ऐकू येते, ते नाही सांगत. तुम्ही राउटरचा आवाज मोठा केला. फोनचा कुठं मोठा झाला? त्याची अँटेना एवढीशी, बॅटरी एवढीशी. आणि नेटमध्ये गोष्ट एकतर्फी नसते. इकडून एक तुकडा गेला की तिकडून पोच यावी लागते. पोच नाही आली, की राउटर तोच तुकडा पुन्हा पाठवते, मग पुन्हा. म्हणून सरांचा आवाजही तुटून राहिला."

आबाजींनी हे दोनदा सांगायला लावलं. शेताच्या या टोकाला भोंगा घेऊन उभा असलेला माणूस आणि त्या टोकाला घसा बसलेलं लेकरू, असं चित्र त्यांच्यापुढे उभं राहिलं. भोंग्यावाल्याला वाटतं, आपण किती छान बोलून राहिलो.

पोराने आधी बिनखर्चाचं करून पाहिलं. राउटर मागच्या खोलीत हलवला, पाच गिगाहर्ट्‌झऐवजी दोन पूर्णांक चारवर फोन जोडायला सांगितला, कारण ती लहर हळू चालते पण भिंतीतून जास्त जाते. फरक पडला. पाऊस थांबला की बरं चालायचं, पाऊस लागला की पुन्हा तेच. मध्ये रिपीटर लावावा का, असं आबाजींनी विचारलं. पोरगा म्हणाला, साधा रिपीटर तेच ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, निम्मा वेळ त्यातच जातो. आणि जिथे आवाज आधीच क्षीण आहे तिथे लावला तर क्षीण तेच पुढे पाठवतो. छतावर समोरासमोर दोन छोट्या डिश लावता येतात, पण त्यांना एकमेकी दिसायला हव्यात आणि मध्ये आंबा. आंब्याचं नाव निघताच आबाजींनी हात हलवून तो विषय संपवला.

राहिली तार. तांब्याची तार शंभर मीटरपर्यंत चालते आणि इथे तीस मीटरही नव्हते. पण दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं आणि विदर्भातल्या विजा प्रसिद्ध. तांब्याची तार दोन घरांना जोडते तशी ती कडाडलेली वीजही एका घरातून दुसऱ्यात नेऊ शकते. म्हणून पोराने काचेची तार सुचवली, फायबर. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. दोन्ही टोकांना एकेक डबी आणि आउटहाऊसच्या खोलीत एक छोटा राउटर. म्हणजे मुलीच्या फोनला नव्वद फूट ओरडावं लागणार नव्हतं. चार हातांवर बोललं की झालं.

चर खणायचा होता. आबाजींनी जुनी दोरी काढली, दोन खुंट्या ठोकल्या, आंब्याची मुळं वाचवून रेघ आखली. काळी माती पावसाने मऊ झाली होती. पोरगा, बाई आणि मुलगी खणत गेले. धाकटा उकरलेली माती टोपल्यात भरत गेला, अर्धी सांडत. पाइप टाकताना आबाजी म्हणाले, तार ताणू नका, सैल ठेवा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, जमीन हलते. सरकारी हद्दीचे दगड सरकलेले पाहिले आहेत मी.

सगळं जोडून झालं. केबलवाला पोरगा फोन बघून म्हणाला, "आलं आबाजी, फुल."

"थांब," आबाजी म्हणाले.

ते स्वतः आउटहाऊसमध्ये गेले आणि स्टूलावर बसले. मुलीला त्यांनी आपल्या दिवाणखान्यात पाठवलं. तिच्या हातात आबाजींचा फोन होता, यांच्या हातात तिच्या आईचा. आबाजींनी व्हिडिओवर तिला हाक मारली आणि हजेरीतल्या पोरासारखं म्हटलं, "येस सर."

"ऐकू आलं आबाजी."

"नीट सांग. तुटून राहिलं का?"

"थोडंसं. सुरुवातीला तुटलं."

पोराने डबीतली जोडणी पुन्हा पुसून लावली. आबाजींनी पुन्हा म्हटलं. मग दार लावून म्हटलं. मग आतल्या खोलीत जाऊन म्हटलं. मुलगी तिकडून सांगत होती, आता ठीक, आता एकदम साफ. एवढी तपासणी त्या पोराने कोणाच्याच घरी पाहिली नव्हती. त्याने घाई केली नाही.

बाई पैसे घेऊन आली. महिन्याला पन्नास देईन म्हणाली. आबाजी आधी नाही म्हणाले. मग थोडा वेळ त्यांनी विचार केला आणि घेतले. "घेतो," ते म्हणाले. "म्हणजे बंद पडलं तर मला येऊन बोलता येईल तुम्हाले."

ही गोष्ट मी ज्यांच्याकडून ऐकली, त्यांनी ती इथे थोडा वेळ थांबवली होती. आपण देतो तेव्हा आपल्या टोकाचे दिवे पाहतो. ते हिरवे असतात आणि आपल्याला वाटतं, पोचलं. पलीकडचा माणूस हो म्हणतो, कारण त्याच्या हातातली कांडीही भरलेली असते, आणि देणाऱ्याच्या आनंदावर पाणी घालायला त्याचं मन धजत नाही. त्याचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही याची खूण आपल्या घरात कुठेच दिसत नाही. ती दिसते फक्त तिथे, त्याच्या खोलीत, स्टूलावर बसल्यावर.

सोमवारी हजेरी झाली. मुलगी "येस सर" म्हणाली आणि सर पुढच्या नावाकडे जाता जाता थांबले. म्हणाले, अरे, आज आवाज आला तुझा. मग त्यांनी तिलाच फळ्यावरचं समीकरण सोडवायला सांगितलं. तिने सोडवलं. एक पायरी चुकली, ती सरांनी दुरुस्त केली, आणि ती चूक दुरुस्त करून घेतानाही ती खुशीत होती.

आबाजींची एक जुनी सवय होती. रात्री दहाला झोपायला जाताना ते घरातली सगळी बटणं बंद करायचे. दिवे, टीव्ही, राउटर. वीज वाया जाऊ नये म्हणून.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मुलगी मागच्या दारात येऊन उभी राहिली. आधी कधी ती बोलावल्याशिवाय आली नव्हती. चौकटीला हात लावून म्हणाली, "आबाजी, तुम्ही दहाला नेट बंद करता. भाऊ झोपला की मगच मला फोन मिळते. मला अकरापर्यंत पाहिजे."

आबाजी म्हणाले, "साडेअकरा ठेवू?"

मुलीने क्षणभर हिशेब केला. "नाही, अकरा पुरे. सकाळी पाणी भराचं असते."

आबाजींनी उठून राउटरच्या बटणावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर पासवर्डसारख्याच ठळक अक्षरात वेळ लिहिली.